पहाटे झोपेतून उठवणारी कंबरदुखी: मणक्याचा दाहक संधिवात आणि त्याचे उपचार

सांगलीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा भाऊ २७ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तीन वर्षांपासून त्याची कंबर दुखते. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ची गादी सरकली आहे’ असं निघाल्यामुळे कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, महिनाभराची सक्तीची विश्रांती असं सगळं झालं, पण फरक पडला नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचा डावा डोळा लालभडक झाला. नेत्रतज्ज्ञांनी रक्तात एचएलए-बी२७ हे जनुक तपासायला सांगितलं आणि ते पॉझिटिव्ह आलं. आता संधिवाततज्ज्ञांनी अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात, असं निदान करून बायोलॉजिक (दाह घडवणारं ठरावीक रसायन अडवणारं) इंजेक्शन सुचवलं आहे. घरात मात्र भीती आहे. इंजेक्शनने टीबी होतो म्हणतात, एकदा घेतलं की सुटत नाही म्हणतात, ‘मणका शेवटी बांबूसारखा होणारच, मग एवढा खर्च कशाला’ असंही कुणी म्हणालं. यंदा त्याचं लग्न ठरवायचं होतं. आणि जाता जाता ताईंनी लिहिलंय, ‘माझीही कंबर पहिल्या बाळंतपणापासून धरते, पण ती सिझरच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनमुळे.’

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून निदान बरोबर वाटतं. औषध सुचवलंय तेही योग्य दिशेचं आहे, मात्र ते सुरू करण्याआधी दोन गोष्टी झाल्या आहेत का ते पाहा. साध्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांना पुरेशा डोसात, पुरेसे दिवस संधी दिली का? आणि टीबीच्या तपासण्या केल्या का? मणका बांबूसारखा ‘होणारच’ हे खरं नाही. लग्नाला काही आडकाठी नाही. आणि ताई, तुमच्या स्वतःच्या कमरेबद्दल मला भावाइतकंच बोलायचं आहे.

भिगवण हे पुणे जिल्ह्यातलं गाव. तिथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं होतं. त्यातलं बहुतेक दुखणं कष्टाचं, झिजेचं, स्नायूंचं. दाहक संधिवात त्यात थोड्यांनाच असतो. अडचण नेमकी इथे आहे. ओपीडीत कंबर धरून येणाऱ्यांची रांग असते आणि त्यातला एखाददुसराच या आजाराचा. तो ओळखायला यंत्र लागत नाही, चार-पाच प्रश्न लागतात, आणि ते विचारायला वेळ लागतो. जगभर या आजाराच्या निदानाला सरासरी सात वर्षांच्या आसपास उशीर होतो असं दिसलंय. तुमच्या भावाचं तीन वर्षांत कळलं, तेही डोळ्यामुळे.

ते प्रश्न असे. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं का? हळूहळू सुरू झालं की वजन उचलताना एका क्षणी लचकलं? पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते का, आणि उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं का? सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं, दहा मिनिटं की अर्ध्या तासाहून जास्त? दुखणं कधी उजव्या कुल्ल्यात, कधी डाव्या, असं बाजू बदलतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आराम केल्यावर वाढतं आणि हालचाल केल्यावर कमी होतं का? गादी सरकलेल्या किंवा नस दबलेल्या माणसाचं याच्या बरोबर उलट असतं. तो आडवा झाला की त्याला बरं वाटतं, काम केलं की दुखतं. तुमच्या भावाला महिनाभर झोपवून ठेवलं तेव्हा त्याचं दुखणं वाढलं असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण त्याला विचारून पाहा.

मग एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली ती खोटी का? नाही, ती दिसली असेल. पण पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशी-तिशीतल्या माणसांचा एमआरआय काढला तरी साधारण तिघांत एकाची गादी थोडी फुगलेली निघते. रिपोर्टात ओळ आली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. शिवाय हा आजार बहुधा सुरू होतो तो कमरेच्या मणक्यात नव्हे, तर त्याखाली, माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि कमरेचं रुंद हाड जिथे जुळतात त्या दोन सांध्यांत. त्यांना सॅक्रोइलियाक किंवा नुसतं एसआय सांधे म्हणतात. नेहमीचा ‘एलएस स्पाइन’चा एमआरआय या सांध्यांची नीट चित्रं घेतच नाही. एसआय सांध्यांचा वेगळा एमआरआय सांगावा लागतो, आणि त्यात ‘स्टर’ नावाचा क्रम असायला हवा. हाडाच्या आतली सूज त्यात पांढरी चमकते. साध्या एक्स-रेवर बदल दिसायला कित्येक वर्षं जातात. १९८४ चे निदानाचे निकष एक्स-रेवर उभे होते, म्हणून कित्येक तरुणांचा आजार ‘नॉर्मल एक्स-रे’च्या शेऱ्याखाली दडून राहायचा. २००९ मध्ये नवे निकष आले, त्यांत एमआरआय आणि बी२७ यांना जागा मिळाली, आणि एक्स-रेवर दिसण्याआधीच्या टप्प्यालाही नाव मिळालं. आज आम्ही दोन्ही टप्पे मिळून ‘अ‍ॅक्शियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस’ म्हणतो. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्याचाच एक्स-रेवर दिसणारा भाग.

आत काय चालतं ते सांगतो, कारण ते कळलं की उपचाराचं तर्कशास्त्र आपोआप कळतं. स्नायूंचे कंडरे आणि सांध्यांचे बंध जिथे हाडात रुततात त्या जागांवर शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा विनाकारण हल्ला करते. टीएनएफ आणि आयएल-१७ ही त्या हल्ल्यातली दोन मुख्य रसायनं. त्यामुळे हाडाला सूज येते. हा पहिला भाग, आणि यातच वेदना असते. दुसरा भाग दुरुस्तीचा. सूज ओसरलेल्या ठिकाणी शरीर नको तिथे नवं हाड घालतं. दोन मणक्यांच्या कडांवरून हाडाचे पूल तयार होतात आणि ते जुळले की तेवढा भाग हलेनासा होतो. सगळा कणा असा जुळला की एक्स-रेवर बांबूच्या पेरांसारखा दिसतो, तोच तो बदनाम ‘बांबू स्पाइन’. पण तिथपर्यंत पोचायला दशकं लागतात आणि अनेक रुग्ण तिथे कधीच पोचत नाहीत. जोखीम जास्त कुणाला? पुरुषांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, रक्तातलं सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) सतत वाढलेलं असणाऱ्यांना, आणि निदानाच्या वेळीच हाडाचे पूल दिसू लागलेल्यांना. यातली एक गोष्ट पूर्णपणे भावाच्या हातात आहे. तो सिगारेट ओढत असेल तर आजच सोडायला सांगा. औषध कोणतंही असो, धूम्रपान करणाऱ्यांचा मणका लवकर आखडतो.

दाह पाठीपुरताच राहतो असं नाही. टाच दुखते, सकाळचं पहिलं पाऊल टाकवत नाही. एखादं बोट अख्खं सुजून जाडजूड होतं. गुडघ्यात पाणी होतं. डोळ्याचा पुढचा भाग सुजतो. काहींना सोरायसिस असतो, तोही कधी फक्त डोक्याच्या त्वचेत किंवा नखांवरच्या बारीक खड्ड्यांत लपलेला. काहींना आतड्याचा दाह असतो, वारंवार जुलाब आणि रक्त पडतं. म्हणून संधिवाताचा डॉक्टर डोक्याची त्वचा, नखं आणि शौचाबद्दल विचारतो तेव्हा तो भरकटलेला नसतो. ‘आमवात’ म्हणून लोक ज्याला ओळखतात तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात वेगळा. तो मुख्यतः हातापायांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी धरतो आणि त्यात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या बहुधा पॉझिटिव्ह असतात. मणक्याच्या या आजारात त्या बहुधा निगेटिव्ह असतात. ‘आरए निगेटिव्ह आलं, म्हणजे वात नाही’ असं सांगून परत पाठवलेले कितीतरी तरुण मी पाहिले आहेत. युरिक अ‍ॅसिडचंही तसंच. पंचविशीतल्या कंबरदुखीचा युरिक अ‍ॅसिडशी सहसा संबंध नसतो, तरी त्याच्या गोळ्या वर्षभर चालू असतात.

बी२७ बद्दल घरोघरी गैरसमज आहेत. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हा आजार असलेल्या बहुसंख्य रुग्णांत हे जनुक असतं. तेव्हापासून ही तपासणी प्रसिद्ध झाली. पण हे रोगाचं चिन्ह नव्हे. भारतात साधारण १०० पैकी सहा-आठ जणांत ते असतं आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काहीही होत नाही. आजार होतो तो १०० बी२७ धारकांपैकी फार तर पाच जणांना. उलट, बी२७ निगेटिव्ह असूनही आजार असलेले रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. तुमच्या भावाच्या बाबतीत या रिपोर्टला वजन येतं, कारण त्याची कंबरदुखीची कहाणी जुळते आणि त्याला युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, होऊन गेलाय. अशा अचानक होणाऱ्या युव्हायटिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बी२७ सापडतं. त्या नेत्रतज्ज्ञांनी पाठीबद्दल विचारलं म्हणून दिशा मिळाली. कुटुंबातल्या सगळ्यांची बी२७ तपासणी करून घेऊ नका. ज्याला त्रास नाही त्याला त्या रिपोर्टने फक्त काळजी मिळते.

ज्याला त्रास आहे त्याची गोष्ट निराळी, आणि इथे तुमच्याकडे वळतो ताई. बाळंतपणाच्या वेळी मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिल्याने वर्षानुवर्षं कंबर दुखत राहते, ही समजूत महाराष्ट्रात घट्ट बसली आहे. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं. तीन-चार वर्षं सकाळी कंबर आखडणं त्याने होत नाही. बाळंतपणानंतरची बहुतेक कंबरदुखी पोटाचे स्नायू सैल झाल्याने, बाळाला वाकून घेण्याने, झोपेच्या तुटवड्याने असते आणि व्यायामाने सुधारते. पण सख्ख्या भावाला हा आजार असताना वरचे प्रश्न तुम्ही स्वतःला विचाराच. पहाटे जाग येते का? बाळाला घेऊन घरभर फिरलं की बरं वाटतं का? बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा फार कमी नाही, तो फक्त कमी ओळखला जातो. एक्स-रेवर उशिरा दिसतो, मान आणि पाठीचा वरचा भाग आधी दुखतो, अंगभर दुखतं म्हणून ‘टेन्शन’ किंवा ‘फायब्रोमायल्जिया’ असं नाव पडतं. घरातली कामं थांबत नाहीत म्हणून त्या स्वतःही बोलत नाहीत. उत्तरं ‘हो’ येत असतील तर भावाच्या पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून जा.

आता उपचार. पहिला उपचार व्यायाम आहे, आणि मी तो औषधांच्या आधी लिहितोय तो उगाच नाही. इंजेक्शनने दाह कमी होतो, पण आखडलेली पाठ आणि पुढे झुकणारी मान व्यायामाशिवाय परत येत नाही. सकाळी कोमट पाण्याने अंघोळ, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं पाठ मागे नेणारे आणि छाती उघडणारे प्रकार. पालथं झोपून पंधरा मिनिटं पडून राहणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत उपेक्षित व्यायाम. भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू टेकवून उभं राहणं, रोज. डोकं टेकत नसेल तर मध्ये किती बोटं बसतात ते लिहून ठेवायचं. दीर्घ श्वास घेऊन बरगड्या फुलवणं, कारण बरगड्यांचे सांधेही यात आखडतात. निरोगी तरुणाची छाती पूर्ण श्वासात साधारण पाच सेंटीमीटर फुलते, ती अडीचच्या खाली आली तर आजार बरगड्यांत शिरलाय. पोहणं उत्तम. भुजंगासन, शलभासन चालतं. पायाच्या बोटांना हात लावण्याची जबरदस्ती नको. आणि मानेला झटका देऊन ‘हाड बसवणाऱ्या’ कुणाकडेही त्याला जाऊ देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. झोपताना गादी सपाट, उशी पातळ. ऑफिसात दर पाऊण तासाने उठून दोन मिनिटं चालायचं. आणि तो पट्टा काढून टाका. तो या आजारात स्नायू दुबळे करण्यापलीकडे काही करत नाही.

औषधांत पहिली पायरी सूज कमी करणाऱ्या गोळ्यांची: नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, इंडोमेथासिन, आपल्याकडे डायक्लोफेनॅक आणि असिक्लोफेनॅकही. लोक यांना ‘पेनकिलर’ म्हणतात आणि दुखलं की एखादी घेतात. या आजारात त्या वेदनाशामक नसून दाहावरचं खरं औषध आहेत. रोज, पूर्ण डोसात, दोन ते चार आठवडे घेतल्याशिवाय ‘उपयोग झाला नाही’ असं म्हणता येत नाही. एका गोळीने जमलं नाही तर दुसरी. दोन वेगवेगळ्या गोळ्या अशा रीतीने वापरून झाल्यावरही त्रास तसाच राहिला तरच पुढची पायरी. सुरुवातीला मी विचारलं होतं ते यासाठी. कित्येकांचा आजार एवढ्यावर आटोक्यात राहतो. पण पोट, किडनी आणि रक्तदाब यांवर लक्ष हवंच. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि बीपी ठरावीक काळाने तपासायचं, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा गोळी थांबवायची, आणि दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी त्यावर घ्यायची नाही.

जे चालत नाही तेही सांगायला हवं, कारण त्यात वर्षं वाया जातात. मेथोट्रेक्झेट ऱ्हुमॅटॉइड संधिवातात उत्तम, पण मणक्याच्या दाहावर त्याचा उपयोग होत नाही. सल्फासालाझिनही मणक्यावर नाही, गुडघा-घोट्यासारखे सांधे सुजले असतील तर त्यांच्यासाठी. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइड गोळ्या महिनोन्महिने घेणं या आजारात चूकच. एखाद्या सुजलेल्या सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन किंवा डोळ्यासाठी थेंब, एवढीच त्यांची जागा. इथे कळकळीने एक सांगतो. बाजारात, टपालाने, कुणा ‘वैदू’कडून मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुड्यांपासून लांब राहा. तीन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यायची. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि घाबरून एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. कुणी अशा पुड्या घेत असेल तर त्या अचानक थांबवू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी करा. नीट शिकलेल्या वैद्यांकडून तेल-शेक घेतला तर माझी हरकत नसते, फक्त दोघांनाही एकमेकांची औषधं माहीत असावीत. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ ‘वातूळ’ म्हणून बंद करायची गरज नाही. या आजाराला बरं करणारं किंवा बिघडवणारं असं एकही पथ्य सिद्ध झालेलं नाही. वजन आटोक्यात राहील असं घरचं जेवण पुरे.

मग बायोलॉजिक. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टीएनएफला अडवणारी औषधं या आजारात आली आणि आमच्या ओपीडीचं रूप बदललं. त्याआधी गोळ्यांनी भागलं नाही तर मणक्यासाठी द्यायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. आज अडालिम्युमॅब साधारण दर दोन आठवड्यांनी पोटाच्या कातडीखाली घ्यायचं, एटानरसेप्ट दर आठवड्याला, इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून. आयएल-१७ अडवणारं सेक्युकिन्युमॅब सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा. साधारण १० पैकी सहा जणांना तीन महिन्यांत स्पष्ट फरक जाणवतो. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर तेच रेटत बसायचं नाही, निदान पुन्हा तपासायचं आणि औषधाचा गट बदलायचा. कुणाला कोणतं, हे आजाराच्या इतर खुणांवर ठरतं. भावाला युव्हायटिस होऊन गेलाय, तेव्हा अडालिम्युमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबकडे कल असावा. एटानरसेप्ट डोळ्याला तेवढं सांभाळत नाही. आतड्याचा दाह असेल तर आयएल-१७ ची औषधं टाळतात, ठळक सोरायसिस असेल तर उलट तीच आधी निवडतात. तुमच्या डॉक्टरांनी कोणतं सुचवलंय ते लिहिलेलं नाही, हा प्रश्न त्यांना विचाराच.

टीबीची भीती निराधार नाही. शरीर टीबीचे जंतू पूर्ण मारत नाही, त्यांना पेशींच्या गाठीत कोंडून ठेवतं, आणि ते कोंडून ठेवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ अडवलं की कोंडलेले जंतू सुटू शकतात. भारतात असे झोपलेले जंतू कित्येकांच्या अंगात असतात. म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू ही कातडीवरची चाचणी किंवा इग्रा ही रक्ततपासणी, घरात कुणाला टीबी झाला होता का याची चौकशी, आणि सोबत हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही. झोपलेला टीबी निघाला तर त्यावरची प्रतिबंधक औषधं सुरू करून साधारण महिन्यानंतर बायोलॉजिक देता येतं. त्यानंतरही दोन आठवड्यांहून जास्त ताप, खोकला, वजन घटणं, मानेत गाठ असं काही झालं तर इंजेक्शन थांबवून लगेच दाखवायचं. आयएल-१७ च्या औषधांत हा धोका बराच कमी, म्हणून टीबी होऊन गेलेल्यांसाठी आम्ही तिकडे वळतो. तपासण्या न करता ‘आजच पहिलं इंजेक्शन घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

खर्चाची बाजू पूर्वीइतकी भयंकर राहिलेली नाही. अडालिम्युमॅबची जगातली पहिली प्रतिकृती भारतात, डिसेंबर २०१४ मध्ये झायडस या औषध कंपनीने आणली. त्यानंतर इतरही आल्या आणि किमती उतरल्या. गोळ्यांच्या रूपातली जेएके गटाची औषधं, टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब, हाही पर्याय आहे. टोफासिटिनिब आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचं आणि तुलनेने स्वस्त मिळतं. पण गोळी आहे म्हणून ती सौम्य असं समजू नका. टीबीच्या तपासण्या तितक्याच लागतात, नागीण होण्याचा धोका वाढतो, आणि वय जास्त, हृदयविकार किंवा सिगारेट असेल तर शक्यतो दुसरं निवडतात. शेजाऱ्याला चालली म्हणून दुकानातून आणून सुरू करायची ही गोळी नव्हे.

‘एकदा घेतलं की सुटत नाही’ याचं खरं रूप असं: औषधाची सवय लागत नाही, आजार टिकाऊ आहे. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केलं तर बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत परततो. पण सहा महिने ते वर्षभर आजार पूर्ण शांत राहिला तर दोन इंजेक्शनांतलं अंतर हळूहळू वाढवता येतं. दोन आठवड्यांचे तीन, तीनाचे चार. पुष्कळांना ते जमतं. आणि लवकर सुरू करून वर्षानुवर्षं दाह आटोक्यात ठेवला तर नवं हाड वाढण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे ‘बांबू होणारच, मग कशाला’ हा हिशेब नेमका उलटा आहे. मणका अजून हलतोय तोवरच औषधाचा खरा फायदा. जुळलेलं हाड कोणतंही औषध सोडवत नाही.

खुब्याकडे विशेष लक्ष द्या. जांघेत दुखणं, मांडी घालून बसता न येणं, पायमोजा घालताना अडणं ही खुब्याची लक्षणं. वयाच्या १६ वर्षांआधी आजार सुरू झालेल्या मुलांत खुबा लवकर खराब होतो, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ दिसतात. वेळेत दाह थांबवला तर तो वाचतो. झिजून गेलाच तर बदलता येतो, आणि तिशीतल्या रुग्णालाही त्या शस्त्रक्रियेने पुन्हा उभं राहता येतं.

लग्नाबद्दल. मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगा, लपवू नका. रिपोर्ट दाखवा, हवं तर तिला डॉक्टरांशी बोलू द्या. मुलाला जनुक जाण्याची शक्यता निम्मी. वडिलांनाच आजार असल्यामुळे अशा मुलांचा धोका इतर बी२७ धारकांपेक्षा जास्त, तरी त्यांच्यापैकी दहात एकाला ते पाचात एकाला पुढे आजार होतो, बाकीच्यांना नाही. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होत नाही. सल्फासालाझिनने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते आणि औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते, तेव्हा मूल हवं असताना ते चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं. नोकरी, प्रवास, संसार हे सगळं करणारे या आजाराचे शेकडो तरुण माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या ओळखीचे आहेत.

पुढच्या भेटीला जाताना एसआय सांध्यांच्या एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. आतापर्यंत कोणत्या गोळ्या, किती डोसात, किती दिवस घेतल्या ते कागदावर लिहून न्या. सीआरपी नॉर्मल आलं असेल तरी गोंधळू नका, जवळपास निम्म्या रुग्णांत ते नॉर्मलच असतं. डॉक्टरांनी दर वेळी टेप घेऊन कमरेचं वाकणं आणि छातीचं फुलणं मोजावं असा आग्रह धरा. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशी शक्यतो इंजेक्शन सुरू होण्याआधी घ्या. एकदा बायोलॉजिक सुरू झालं की जिवंत जंतूंच्या लशी देता येत नाहीत.

दोन प्रसंगी मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. एक, डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. ‘डोळे आले’ म्हणून दुकानातले थेंब घालत बसलं तर बाहुली आतून चिकटते आणि नजर जाऊ शकते. दुसरा प्रसंग भावाच्या सध्याच्या टप्प्यात येणार नाही, पण ज्यांचा मणका आधीच जुळलाय अशांच्या घरच्यांसाठी लिहितो. जुळलेला मणका कडक दिसतो पण आतून ठिसूळ असतो, आणि न्हाणीघरात साधं घसरूनही मान मोडू शकते. पडल्यानंतर मानेत किंवा पाठीत नवं दुखणं सुरू झालं तर एक्स-रे नॉर्मल आला तरी सीटी किंवा एमआरआय करून घ्या. आणि अशा माणसाला उचलताना त्याची मान आजारामुळे ज्या कोनात वाकलेली असते त्याच कोनात उशा लावून आधार द्या, ती सरळ करायचा प्रयत्न करू नका, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसालाही हे आवर्जून सांगा.